दोघांपुरती जागा

रविवारी सकाळी आतल्या खोलीतलं आरशाचं कपाट ढकलत भिंतीच्या मधोमध आणलं, खिडकीवर दोन रजया टांगल्या, पंखा बंद केला आणि सूनबाईची परीक्षाखोली तयार झाली. आरशासमोर खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीत सासरे बसले होते. कानांवर छोटूचे मोठे हेडफोन, हातात बटण म्हणून टीव्हीचा बंद पडलेला रिमोट. त्यांच्या मागे, पलंगाच्या कडेला, सूनबाई मोबाइल घेऊन बसली होती.

तिनं पुढे वाकून त्यांचा एक हेडफोन उचलला. "आवाज आला की दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही."

"आणि आल्यासारखा वाटला तर?"

"आल्यासारखा वाटला तर मुळीच नाही, बाबा. तिथेच पकडतात."

सासऱ्यांनी गुमान मान डोलावली. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरायचा, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटरला लावायचा, दुसरं कानाला, आणि सांगायचा की ही महिनाभरात बसणार. आणि ती बसायची. त्याच माणसाला आज रिमोट देऊन आरशापुढे बसवलं होतं, आणि तो निमूटपणे बसलाही होता. एरवी पेपर कुणी आधी उघडला तरी घर डोक्यावर घेणारे सासरे इतके शहाण्यासारखे वागतात, याचंच सूनबाईला जास्त वाईट वाटत होतं.

भानगड अशी होती. सासूबाईंच्या छातीतली गाठ काढून झाली होती, जखमही भरली होती, पण सलाइनमधून द्यायचं औषध अजून वर्षभर, दर तीन आठवड्यांनी चालू ठेवायचं होतं. त्या औषधाच्या एका बाटलीची किंमत ऐकून छोटू, म्हणजे सूनबाईचा चांगला आडदांड नवरा, मिळेल तिथे खाली बसला होता. आजवर खिशातून काही गेलं नव्हतं, कारण सासऱ्यांच्या कंपनीचा विमा नवरा-बायको दोघांना होता. पण तो विमा नोकरी असेपर्यंतचा. सासरे या महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्याबरोबर विमाही निवृत्त व्हायचा होता. निवृत्तांसाठी कंपनीची निराळी योजना होती, नाही असं नाही. पण तिच्यात आधीच्या आजाराला दोन वर्षं थांबा, मग बघू. बाहेरच्या विमा कंपन्या तर कॅन्सर हा शब्द ऐकला की इतक्या गोड आवाजात फोन ठेवत, की नकार मिळाला हे माणसाला नंतर कळावं.

एकच वाट उरली होती. चांगले मेकॅनिक मिळत नव्हते, म्हणून कंपनी जुन्या माणसांना वर्षभराची मुदतवाढ देत होती. अट एवढीच, की डोळे, कान आणि रक्तदाब ठीक हवा, आणि कानाला यंत्र लावलेलं चालणार नाही. तपासणी उद्या सकाळी होती. आणि सासऱ्यांना कमी ऐकू येत होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण तसं कुणी म्हणत नव्हतं. सगळे फक्त मोठ्यानं बोलायला लागले होते.

"आपण बाबांना कॉपी करायला शिकवतोय," दारात उभी असलेली ताई म्हणाली. ताई ही छोटूची थोरली बहीण, शाळेत शिकवायची, तेही करारावर, त्यामुळे विमा वगैरे लाड तिच्या वाट्याला नव्हते. गेल्या वर्षी मागच्या खोलीवरून बहीण-भावाचं वाजलं, तेव्हापासून तिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आज आली होती, आणि आल्याआल्या हे.

"तुझ्याकडे दुसरा उपाय असला तर सांग," छोटू म्हणाला.

"उपाय नाही म्हणून कॉपी? माझ्या वर्गातली पोरंही हेच सांगतात."

"तुझ्या वर्गातल्या पोरांच्या आईचं औषध बंद होत नाही पेपर कोरा दिला तर."

ताई आत आली, पर्स पलंगावर टाकली आणि म्हणाली, "आरसा कशाला?"

आरसा ही सूनबाईची करामत होती. ती ज्या इस्पितळात बिलांच्या आणि विम्याच्या खिडकीवर बसायची, तिथल्याच कान-नाक-घसा विभागातल्या मुलीला तिनं चहा पाजून सगळं काढून घेतलं होतं. कान तपासताना पेशंटला काचेच्या खोलीत बसवतात, आवाज सोडणारी मुलगी मागे असते, आणि आवाज सोडताना तिचा खांदा किंचित हलतो. समोरच्या काचेत तो दिसतो. ज्याला ऐकू येत नाही पण बघता येतं, त्याचं काम होऊन जातं.

"मान हलवायची नाही, बाबा," छोटूनं ओरडून सांगितलं. तो गाडी चालवायला शिकवायचा. "मी पोरांना रोज उलट सांगतो. आरशात बघताना मान हलवा, परीक्षकाला दिसू दे. तुम्ही फक्त डोळे न्यायचे."

"आणि लगेच दाबू नका," ताई म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच चपापली. पण जीभ सुटली होती. "कॉपी करणारा मुलगा घाईवरून कळतो. ज्याला येतं, तो जरा विचार करतो. आणि एखादं चुकवा. सगळं बरोबर आलं की मी आधी त्याचंच बाक तपासते."

"बघा, तज्ज्ञ आल्या," छोटू म्हणाला, आणि ताई हसली. भाऊ-बहीण वर्षभरात पहिल्यांदा एकत्र हसत होते, आणि कशावरून, तर बापाला फसवाफसवी शिकवण्यावरून.

पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. डोक्याला मऊ सुती रुमाल बांधलेला, त्याखाली आता बोटभर केस उगवत होते. त्या सकाळपासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांचं गप्प बसणं या घरात कुणी मनावर घेत नसे, कारण बोलायच्या तेव्हा त्या भरपूर बोलायच्या.

सूनबाईनं मोबाइलवर पहिला आवाज सोडला. जाड, बैलगाडीच्या चाकासारखा. सासऱ्यांनी दाबलं. मग त्याहून बारीक आवाज, आणि त्यांनी पुन्हा दाबलं. मग तिला स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असा बारीक. आरशात सासऱ्यांचे डोळे हळूच तिच्या खांद्याकडे गेले, थांबले, आणि अंगठा खाली आला.

"वा," छोटू म्हणाला.

सूनबाईला वा म्हणवेना. मोबाइल हातात होता आणि त्याच मोबाइलवर, आवाजाच्या खिडकीमागे, तिच्या इस्पितळाच्या कार्यालयाचा निरोप आठवडाभर तसाच पडून होता. तिनं तो उघडून वाचला होता, बंद केला होता, पुन्हा उघडला होता. इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांच्या विम्यात आणखी दोन वडीलधारी माणसं बसवता येत. दोनच. स्वतःचे आईवडील, नाहीतर सासूसासरे. दोन्हीकडचं एकेक असंही नाही. वर्षातून एकदा नावं बदलायची मुभा, ती या महिन्यापुरती. आणि नोकरीवरच्या या विम्यात जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरत, कॅन्सरसुद्धा.

त्या दोन जागांवर तिचे आईवडील होते. ती एकुलती एक. नोकरीला लागली तेव्हाच तिनं त्यांची नावं घातली होती, आणि चांगलं झालं, कारण पुढे वडिलांच्या हृदयात स्टेंट घालावा लागला. सासऱ्यांचा स्वतःचा विमा होता, त्यामुळे या घरात कुणी कधी विषय काढला नाही. छोटूला वाटायचं, मुलीच्या नोकरीत मुलीचे आईवडील, असाच नियम असेल. तिनं त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं, आणि याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, अशी ती आठवडाभर स्वतःची समजूत घालत होती. समजूत काही पटत नव्हती. म्हणून तर तिनं कानाच्या परीक्षेचा एवढा खटाटोप मांडला होता. सासरे पास झाले की कुणाला काही सांगायचीच वेळ येणार नाही.

"आणखी एकदा," ती म्हणाली, जरा जास्तच जोरात.

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. तिसऱ्या फेरीत सासऱ्यांनी ताईच्या सल्ल्याप्रमाणे एक जाणूनबुजून चुकवलं आणि एकदा तर विचार केल्यासारखी हनुवटीही खाजवली. छोटूनं टाळी वाजवली. ताई म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या वर्गात असता तर मी हात टेकले असते." सासऱ्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि आरशाकडे तोंड करून, जरा फुशारकीनं, गुडघ्यावर बोटं वाजवत बसले.

तेव्हा सासूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, रोजच्यासारखाच ठेवला.

"मागच्या वेळी मला औषधाला घेऊन गेले ना, तुझ्याच इस्पितळात, तेव्हा त्या मोठ्या लिफ्टमध्ये आवाज येत होता. स्ट्रेचरच्या लिफ्टमध्ये. वर जाताना, चरचर चरचर. मी यांना म्हटलं, अहो, ऐका. यांनी कान भिंतीला लावला. नंतर म्हणाले, काही नाही, ठीक आहे."

सासऱ्यांची बोटं गुडघ्यावर वाजतच होती.

"मी यांच्याकडे बघत होते. कान भिंतीला होता, पण नजर माझ्या तोंडावर होती. आवाज अजून येतोय का, ते माझ्या तोंडावरून बघत होते." त्यांनी हातातल्या सदऱ्याची बाही सरळ केली. "खाली उतरल्यावर मी पाणी प्यायचं निमित्त केलं आणि तिथल्या लिफ्ट बघणाऱ्या, यांच्याच कंपनीतल्या दुसऱ्या मेकॅनिकला गाठलं. त्यानं वर जाऊन लिफ्ट बंदच केली. काय घासत होतं ते मला सांगितलं नाही, पण परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. यांना अजून माहीत नाही की मी सांगितलं."

"आई, हळू," ताई पुटपुटली.

"हळू कशाला? दोन हातांवर बसलेत. ऐकू आलं का, विचार."

सूनबाईनं वर पाहिलं. आरशात सासरे तिच्याकडेच बघत होते. बोटं थांबली होती.

"काय म्हणाली ही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. तुम्ही पास झालात," छोटू म्हणाला.

"तुला नाही विचारलं." सासरे खुर्चीतच वळले. "मॅडम, तुमचा चेहरा दिसला मला. सकाळपासून तुमचा खांदा बघायला शिकलोय, मला चेहरा दिसणार नाही? काय म्हणाली?"

ते तिला मॅडम म्हणायचे, ती बिलांच्या खिडकीवर बसायची म्हणून चिडवायला. आज चिडवणं नव्हतं. खोटं सांगायला एक क्षण पुरला असता, आणि सवयही झाली होती. पण रोज त्याच लिफ्टनं तिच्या खिडकीसमोरून स्ट्रेचर वर जात. त्यांतल्या कित्येकांच्या घरच्यांना ती नावानं ओळखायची.

ती उठून त्यांच्यासमोर गेली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, सगळं सांगितलं. चरचर, भिंतीला कान, दुसरा मेकॅनिक, बंद केलेली लिफ्ट.

सासरे रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. रिमोट पलंगावर ठेवून त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला.

"मला वाटलं, तुला कळलं नसेल," ते सासूबाईंना म्हणाले.

"मला कळत नाही असं काय आहे तुमचं?"

"बारीक आवाज गेलेत माझे. दोनेक वर्षं झाली. जाड ऐकू येतात. पण लिफ्ट पडायच्या आधी जाड आवाज करत नाही." त्यांनी नाक ओढलं. "म्हटलं, एक वर्ष. एवढं एक वर्ष काढू कसंतरी, तुझं औषध होईतो."

"माझ्या औषधासाठी कुणाचं पोर लिफ्टमध्ये घालायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला ते अंगी लागणार नाही."

"मग काय करायचं? बोल की," छोटूचा आवाज फाटला. "औषध थांबवायचं? डॉक्टर काय म्हणाले ते तूच ऐकलंस. मध्ये खंड नको म्हणाले. गाडी विकली तर चार-पाच वेळचं निघेल. पुढे?"

ताई म्हणाली, "माझ्या गाठीला थोडे पैसे आहेत." तिनं कपाळ धरलं. "फार नाहीत."

सगळेच एकदम बोलायला लागले. सूनबाईला कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं.

"माझ्या विम्यात दोन जागा आहेत," ती म्हणाली.

पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मग सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबली असती तर पुढचं बाहेर पडलं नसतं. दोन जागा, आईवडील नाहीतर सासूसासरे, या महिन्यात बदलता येतं, जुना आजार चालतो.

छोटू तिच्याकडे बघत राहिला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि तू आम्हाला इथे आरसे लावून..." त्यानं आरशाकडे हात केला. "बाबांना माकडासारखं बसवलंस. तुला माहीत असून."

"हो."

"नुसतं हो?"

"मग काय म्हणू? माझ्या बाबांच्या हृदयात जाळी आहे, छोटू. त्यांना बाहेर कोण घेणार? मी तुझ्या आईला घालायचं म्हणजे माझ्या आईला काढायचं. जागा रिकामी नाहीये ती." बोलता बोलता तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"ओरडू नकोस तिच्यावर," ताई म्हणाली. तिचं आणि वहिनीचं कधी फार सूत नव्हतं, त्यामुळे छोटूनं चमकून पाहिलं. "मी असते तर मीही सांगितलं नसतं. आणि तूही नसतं सांगितलंस. आपली आई म्हटल्यावर सगळे सारखेच चोर."

सासूबाईंनी मांडीवरचे कपडे बाजूला सारले. "ते नाव काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी कुणाच्या आईला उठवून तिच्या जागेवर जाऊन बसणार नाही. विषय संपला."

"संपला कसा?" सासरे म्हणाले. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे, पण मुद्दा पोचला होता. "तू म्हणतेस लिफ्टला हात लावू नका. बरं, नाही लावत. उद्या जातो आणि नको म्हणून सांगून येतो. आता तू म्हणतेस सुनेचंही नको. मग आम्ही काय करायचं, तुला बघत बसायचं?"

आजारपणाच्या सगळ्या महिन्यांत सूनबाईनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आताही त्या रडल्या नाहीत, पण त्यांची हनुवटी हलायला लागली आणि त्यांनी ती हातानं धरून ठेवली. "मला जगायचं नाही असं कुठे म्हणते मी," त्या कशाबशा म्हणाल्या. "जगायचंय मला. पण काय काय करून जगायचं, तेवढं तरी मला विचाराल की नाही?"

"मग मी माझ्या आईला विचारते," सूनबाई म्हणाली. "तिलाही कुणी विचारलेलं नाही अजून."

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. छोटू मागोमाग आला, पण दाराशीच थांबला. त्याच्या मागे ताई. फोन लागला.

"काय गं, आज सकाळीच?" तिची आई म्हणाली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, माझ्या इस्पितळातल्या विम्यात तुमची दोघांची नावं आहेत ना."

"हं. काय झालं त्यांना?"

सूनबाईनं सांगितलं. खिडकीवर लोकांना सांगताना तिचा आवाज कसा छान सपाट लागायचा. आज तो दर वाक्याला अडखळत होता. कानाची परीक्षा सांगितली नाही, लिफ्ट सांगितली नाही. फक्त सासूबाईंचं औषध, सासऱ्यांची निवृत्ती आणि दोन जागा.

सगळं ऐकून झाल्यावर आईनं विचारलं, "औषध किती दिवस आहे अजून त्यांचं?"

"वर्षभर."

"आणि आमची नावं परत?"

"पुढच्या वर्षी, याच महिन्यात. नक्की."

"नक्की असं तू म्हणतेस की ते म्हणतात?"

"तेच म्हणतात, आई. नियमच आहे तसा."

"तुझ्या बाबांची तपासणी आहे पुढे."

"तिचं मी बघेन. पैसे मी भरेन."

"पैशाचं विचारलं का मी?" आई म्हणाली, आणि मग बराच वेळ काही म्हणाली नाही. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. सूनबाईला लहानपणापासून ठाऊक होतं, आई अशी गप्प झाली की ती नाही म्हणणार नसते, पण तिला ते आवडलेलंही नसतं.

"म्हणजे वर्षभर आम्ही दोघांनी आजारी पडायचं नाही," आई म्हणाली. "असंच ना?"

सूनबाईला म्हणायचं होतं, असं नाही गं. खिडकीवर अशा वेळी वापरायचे किती मऊ शब्द तिच्याकडे होते. रोज वापरत होती. त्यांतला एकही तोंडात येईना. दाराशी नवरा उभा होता, आतल्या खोलीत सासूबाई होत्या, आणि पलीकडे तिची आई उत्तराची वाट बघत होती.

"हो," ती म्हणाली.

"बरं."

फोन ठेवला गेला नाही. तो टेबलावर टेकवल्याचा आवाज झाला, आईच्या सपाता फटफट करत लांब गेल्या, आणि मग आतून कुठूनतरी तिचा आवाज आला, घाबरलेला, दटावणारा.

"अहो, उतरा त्या स्टुलावरून. बल्ब राहू दे तसाच. आधी खाली उतरा."